गाडी घरी आणायचीय: डॉली घ्यावी, पूर्ण ट्रेलर घ्यावा की फ्लॅटबेडवाल्याला बोलवावं?

जुनी बंद गाडी विकत घेतलीय किंवा चालू गाडी लांब कुठंतरी बसलीय आणि ती घरी आणायचीय, अशा वेळी भाड्याने मिळणाऱ्या वस्तू मुख्यतः दोनच. एक टो डॉली, म्हणजे छोटा दोन चाकी गाडा, ज्यावर आणायच्या गाडीची फक्त पुढची चाकं चढतात आणि मागची रस्त्यावर पळत येतात. दुसरा पूर्ण कार ट्रेलर, त्यावर चारही चाकं वर. तिसरा मार्ग म्हणजे स्वतः काही न ओढता फ्लॅटबेडवाल्याला, म्हणजे सपाट पाठीवर गाडी चढवून नेणाऱ्या ट्रकवाल्याला, फोन करणं. बहुतेक लोक भाडं विचारतात आणि डॉली स्वस्त पडते म्हणून डॉली घेऊन मोकळे होतात. माझ्या मते भाडं सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं की आणायच्या गाडीची कुठली चाकं इंजिन फिरवतं, आणि तुमची ओढणारी गाडी खरंच किती वजन झेपवू शकते.

पहिलं चाकांचं. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर डॉली चालते, कारण इंजिन ज्यांना फिरवतं ती पुढची चाकं वर उचललेली असतात आणि मागची बिचारी नुसती फिरत येतात. गाडी रिअर व्हील ड्राइव्ह असेल तर मागची चाकं रस्त्यावर फिरताना गिअरबॉक्सही फिरवत राहतात, आणि ऑटोमॅटिकमध्ये तर तेल फिरवणारा पंप इंजिन चालू असेल तरच चालतो, म्हणजे आतले भाग तेलाशिवाय घासत येणार. न्यूट्रलमध्ये टाकलं की झालं असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका, लांबच्या अंतरात गिअरबॉक्स जातो. मग प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारी फिरती दांडी) सोडवा नाहीतर पूर्ण ट्रेलर घ्या. ऑल व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाडीसाठी तर प्रश्नच नाही, चारही चाकं वरच पाहिजेत. इलेक्ट्रिक गाडीचं चाक फिरलं की मोटर फिरते आणि मोटर फिरली की ती वीज तयार करायला लागते, त्यात नुकसान महागात पडतं.

आता वजन, इथं लोक सगळ्यात जास्त गंडतात. डॉलीवर अर्धीच गाडी असते म्हणून अर्धंच वजन ओढायचंय असं वाटतं, पण ओढताना आणि थांबवताना गाडीचं पूर्ण वजन तुमच्याच मागे असतं. समजा गाडी १३०० किलोची. डॉलीचं वजन साधारण ३५० किलो, म्हणजे १६५० झाले. पूर्ण ट्रेलर लोखंडी असेल तर तोच १००० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे २३००. हा फरक मोठा आहे आणि डॉलीच्या बाजूने खरा मुद्दा हाच आहे, भाडं नाही. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचे, म्हणजे किती वजन ओढता येईल त्याचे, सहसा दोन आकडे असतात, एक ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी आणि एक ब्रेक नसलेल्यासाठी, आणि दुसरा पहिल्यापेक्षा बराच कमी असतो. समोर ठेवलेल्या डॉलीला ब्रेक आहेत का हे विचारल्याशिवाय हिशोब करूच नका. आणि लायसन्सवर किती वजनापर्यंत ओढायची परवानगी आहे तेही बघून घ्या.

चालवायला कुठलं सोपं? पुढे जाताना दोन्ही ठीक, पण रिव्हर्समध्ये डॉली जवळपास निरुपयोगी. डॉली हिचपाशी, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या जोडणीपाशी, वळते आणि वर चढवलेली गाडी डॉलीपाशी वळते, त्यामुळे थोडं मागे गेलं की दोन्ही वेगवेगळ्या दिशेने दुमडायला लागतात. म्हणजे पेट्रोल पंपावर शिरतानाही आधी बघायचं की पलीकडून सरळ बाहेर पडता येतंय का. घरासमोर गल्ली बंद असेल तर डॉलीचा विचार सोडा. पूर्ण ट्रेलर रिव्हर्सला त्रास देतो पण मोकळ्या जागेत तासभर सराव केला तर जमतो. डॉली घेतलीच तर हँडब्रेक सोडलाय ना हे दोनदा बघा, नाहीतर मागचे टायर फरफटत येतील आणि आरशात धूर दिसेपर्यंत कळणारही नाही. काही डॉलीची चाकं ठेवायची पाटी स्वतः वळते, काहींची नाही, आणि स्टिअरिंग लॉक ठेवायचं की उघडं हे त्यावर ठरतं, ते देणाऱ्यालाच विचारून घ्या.

पूर्ण ट्रेलरवर वजन कुठं बसतंय याला फार महत्त्व आहे. एकूण वजनाच्या साधारण १० टक्के किंवा थोडं जास्त हिचच्या बॉलवर (ट्रेलर ज्यावर अडकवतात तो लोखंडी गोळा) यावं, पण बॉलवर किती चालतं याची तुमच्या गाडीची स्वतःची मर्यादा असते, ती ओलांडायची नाही. वजन मागे गेलं तर वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. तसं झालं तर ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. समोर इंजिन असलेली गाडी तोंड पुढे करूनच चढवतात ती याचसाठी, जड भाग हिचकडे राहतो.

चढवताना एक गंमत होते. गाडी व्यवस्थित वर जाते, आणि मग कळतं की दार उघडतच नाही, कारण ट्रेलरचा मडगार्ड आड येतो. खिडकीतून बाहेर पडायची कसरत बघायला आजूबाजूला लोक जमतात. काही ट्रेलरचा मडगार्ड खाली पाडता येतो, भाड्याने घेताना हे विचाराच. बुटकी गाडी असेल तर रॅम्पवर चढताना पुढचा बंपर घासतो, तिथं रॅम्पखाली फळ्या टाकून उतार कमी करायचा. पट्टे चाकांवरूनच आवळायचे, आणि निघाल्यावर १०-१५ किलोमीटरवर थांबून परत आवळायचे, कारण टायर बसतात आणि पट्टे सैल पडतात. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या दांडीचं बॉलवर बसणारं तोंड, नीट बसलाय का बघायला ट्रेलरच्या जॅकने दांडी थोडी वर उचलून बघायची, कपलर बॉलवरून सुटला नाही पाहिजे. सेफ्टी साखळ्या कपलरखाली एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे सुटलाच तर ट्रेलरची दांडी त्यात अडकते, रस्त्यात रुतत नाही.

मग फ्लॅटबेड कधी? चाक जाम, स्टिअरिंग लॉक, चावी नाही, किंवा गाडी पडक्या अवस्थेत, असं काही असेल तर सरळ तोच. भाड्याच्या ट्रेलरला बहुतेक वेळा विंच (दोरीने गाडी वर ओढून घ्यायचं यंत्र) नसते आणि चार माणसांनी ढकलून गाडी रॅम्पवर चढवणं हा धोक्याचा खेळ आहे, मध्येच सुटली तर मागे उभा असलेला माणूस जातो. अंतर थोडं असेल तर दिवसभराचं ट्रेलरभाडं, ओढणाऱ्या गाडीचं जास्तीचं पेट्रोल आणि रिकामा ट्रेलर परत द्यायची फेरी धरल्यावर दोन्ही खर्च जवळ येतात, आणि अंतर खूप असेल तर ट्रेलर परवडतो.

एकूण मी असतो तर ओढणारी गाडी पेलत असेल तर पूर्ण ट्रेलर, आणि गाडी सरकत नसेल तर फ्लॅटबेड. डॉली फक्त हलकी फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी आणि रिव्हर्स लागणार नाही असा रस्ता असेल तरच. फ्लॅटबेडवाल्याला फोन करताना आधीच सांगा की चाकं फिरतात का, चावी आहे का, गाडी किती बुटकी आहे आणि ती उभी आहे तिथं मोठी गाडी शिरते का, नाहीतर तो चुकीची गाडी घेऊन येईल आणि फेरीचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील.