ट्रान्सफॉर्मर पॅनलखालून हलवून घेतला, भोसरीतल्या कॉन्ट्रॅक्टरच्या कामाचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. मागच्या वर्षी सेकंडहँड जपानी सीएनसी लेथ घेतला, तो २०० व्होल्ट थ्री फेजवर चालतो आणि आपल्याकडे सप्लाय ४१५, म्हणून ३० केव्हीएचा ड्राय टाइप (तेल नसलेला) स्टेपडाऊन, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लागला. आधी ज्यांना काम दिलं होतं त्यांचं नाव घेत नाही, पण त्यांनी तो इलेक्ट्रिक पॅनलच्या बरोबर खाली अँगलच्या स्टँडवर बसवून दिला, पॅनलच्या तोंडापासून चांगला दीड फूट पुढे आलेला. एका दिवसात काम, जागाही वाचली, आम्ही खूश.

एप्रिल आला आणि दुपारी पॅनलमधले एमसीबी (जास्त करंटला आपोआप बंद होणारे ब्रेकर) ट्रिप व्हायला लागले. लोड तोच, मशीन तीच. आणि एकदा नाइट शिफ्टला बघितलं तर आमचा ऑपरेटर ट्रान्सफॉर्मरवरून ओणवा होऊन, एक हात त्याच्या पत्र्यावर टेकवून दुसऱ्या हाताने ब्रेकर वर करतोय. पोटात गोळाच आला माझ्या. दुसऱ्या दिवशी फोनाफोनी करून भोसरीतल्याच दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या लोकांना बोलावलं.

आल्याआल्या त्यांनी रेट सांगितला नाही, आधी टेप काढली. पॅनलचा दरवाजा पूर्ण उघडून बघितला तर तो ट्रान्सफॉर्मरला अडत होता, आणि हे आमच्या इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. मग मला म्हणाले, "साहेब, फ्लॅश झाला, म्हणजे पॅनलमध्ये स्पार्कचा भडका उडाला की माणूस विचार करत नाही, मागे उडी मारतो. त्याच्या मागे काय आहे आणि पायात काय आहे ते बघा." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

नियम त्यांना तोंडपाठ होते. सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या) सेफ्टी रेग्युलेशनप्रमाणे स्विचबोर्डसमोर कमीत कमी १ मीटर जागा मोकळी पाहिजे. बोर्डाच्या मागच्या बाजूला कनेक्शन असतील तर तिथली जागा एकतर २० सेंटीमीटरपेक्षा कमी नाहीतर ७५ पेक्षा जास्त, मधलं काही चालत नाही. मी विचारलं असं का, तर म्हणाले, २० मध्ये माणूस शिरतच नाही, ७५ मध्ये शिरला तर बाहेर निघू शकतो, पण ४०-५० मध्ये आत जातो आणि अडकतो. किती सरळ आहे बघा.

आमचा एक कस्टमर अमेरिकन आहे, त्यांच्या ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये तिकडच्या एनईसीचे (अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमांचे) आकडे होते, तेही मी त्यांना दाखवले. तिकडे पॅनलसमोर ३ फूट हे कमीत कमी, पण अर्थला (जमिनीला) २४० व्होल्ट म्हणजे आपल्यासारखा सप्लाय असेल आणि समोर विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर साडेतीन फूट, कारण तशी भिंत अर्थ झालेली धरतात. रुंदी ३० इंच किंवा पॅनलएवढी, जी जास्त असेल ती, उंची साडेसहा फूट, आणि दरवाजा ९० अंश उघडला पाहिजे. पॅनलच्या खाली-वर त्याच कामाचं दुसरं काही बसवलं तर ते पॅनलच्या तोंडापासून ६ इंचापेक्षा पुढे यायला नको. आमचा ट्रान्सफॉर्मर दीड फूट. आपल्याकडे एनईसी लागू नाही, पण समोर आमची विटांचीच भिंत, म्हणून मीच म्हटलं साडेतीन फुटाचं धरून करा.

खरी हुशारी पुढे आहे. ट्रान्सफॉर्मर त्यांनी लेथच्या बाजूला नेला. ३० केव्हीएला ४१५ च्या बाजूला करंट साधारण ४२ अँपिअर आणि २०० च्या बाजूला ८७, म्हणजे जाड केबल लागते ती २०० च्या बाजूला. आधीच्यांनी तीच जाड केबल पॅनलपासून लेथपर्यंत सगळ्या शॉपभर फिरवली होती! आता लांब रन बारीक केबलचा आणि जाड केबल दोनच मीटर, उरलेली आमच्याकडेच ठेवून गेले. सेकंडरीला, म्हणजे २०० च्या बाजूला, वेगळा एमसीसीबी (मोठा ब्रेकर), बॉडीला दोन वेगवेगळी अर्थिंग, आणि भिंतीपासून अंतर ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटवर लिहिलंय तेवढं सोडलं, हवा खेळायला.

ट्रिपिंगही थांबलं. लेथ बंद असली तरी ट्रान्सफॉर्मर चालू असेल तोपर्यंत तापतच असतो, ती सगळी गरम हवा वर पॅनलमध्ये जात होती, आणि एमसीबीचं रेटिंग ३० डिग्रीला धरलेलं असतं, गरमीत ते लवकर पडतात. आम्ही उगाच दोन एमसीबी बदलले होते.

तक्रारी पण आहेत. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी म्हणून तोच दिवस ठरवला होता आणि आठ सांगून अकराला आले, काम संपायला रात्रीचे साडेनऊ. ड्रिल मारताना लेथवर काही झाकलं नाही, ती साफ करण्यात आमच्या हेल्परची सकाळ गेली. नवीन वायरिंगचं ड्रॉइंग तीनदा फोन केल्यावर मिळालं, ते लॅमिनेट करून आता पॅनलच्या दारात आतून लावलंय.

जाताना पॅनलसमोर जमिनीवर पिवळे पट्टे मारून गेले. पहिल्या आठवड्यात तिथे जॉबचे क्रेट येऊन पडायचे, मी स्वतः उचलून बाजूला ठेवायचो, आता पोरं ठेवत नाहीत.