बॅटरीवर चालणारा हवेचा कॉम्प्रेसर: दोन पावसाळे आणि एका वाळवंटानंतरचा अभिप्राय

डांबरी रस्ता सोडला की टायरमधली हवा कमी करावी, हे फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना ऐकून माहीत असते; तरीही प्रत्यक्षात फार थोडे जण ती पुरेशी कमी करतात, कारण परत भरायची कुठे हा प्रश्न रानात सुटत नाही. या एका अडचणीसाठी मी सुमारे पाच हजार रुपयांचा, थेट गाडीच्या बॅटरीला चिमटे लावून चालणारा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर घेतला. सह्याद्रीतल्या रानवाटांवर दोन पावसाळे आणि जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूत चार दिवस वापरल्यानंतर त्याविषयी लिहीत आहे.

हवा भरण्याचे मूळ काम तो चोख करतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप मी आधी वापरले होते, पण त्या सॉकेटचा फ्यूज साधारण दहा ते पंधरा अँपिअरचा असल्यामुळे त्या पंपांची ताकदच मर्यादित राहते आणि मोठा टायर भरताना ते तापून बंद पडतात. हा कॉम्प्रेसर 18 पीएसआयवरून (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) 32 पर्यंत एक टायर सव्वादोन मिनिटांत भरतो. हा वेग किरकोळ समजू नये, कारण 14 पीएसआय वाढवणे म्हणजे टायरच्या पोकळीत मावेल जवळजवळ तेवढीच बाहेरची हवा आणखी आत कोंबणे होय. खोक्यावर मिनिटाला 70 लिटर असा आकडा छापलेला आहे. तो समोर दाब नसतानाचा असतो, त्यामुळे खरेदी करताना त्यावर विसंबू नये. इंजिन चालू ठेवून चारही टायर, नळी फिरवण्याच्या वेळेसह, पाव तासात होतात आणि त्यानंतर यंत्राला थंड होऊ द्यावे लागते. नळी मागच्या चाकापर्यंत आरामात पोचते, चिमट्यांची पकडही घट्ट आहे.

माझी गंभीर तक्रार आहे ती नळीवर बसवलेल्या दाबमापकाविषयी. तो प्रत्यक्षापेक्षा तीन पीएसआय जास्त दाखवतो, हे मला दोन वेगळ्या मापकांशी ताडून पाहिल्यावर कळले, आणि दुर्दैवाने ते ताडून पाहण्याची बुद्धी सम येथे फजिती झाल्यानंतर सुचली. वाळूसाठी मी काट्यावर 15 दिसेपर्यंत हवा सोडली होती, म्हणजे टायरमध्ये खरोखर 12 च उरली होती. टेकाडाच्या उतारावर जरा जोराने वळण घेतले आणि पुढच्या डाव्या टायरची कड रिमवरून सुटली. रस्त्यावरच्या 32 च्या हवेत तीनची चूक दहा टक्क्यांहूनही कमी भरते, पण 15 वर तीच चूक पाचव्या हिश्शाची होते. जिथे अचूकपणा सर्वांत गरजेचा, तिथेच हा मापक सर्वाधिक फसवतो. म्हणून कॉम्प्रेसर कोणताही घ्या, मापक मात्र स्वतंत्र आणि पारखलेलाच ठेवा.

आता मी जे आकडे पाळतो ते सांगतो; ते माझ्या गाडीचे, ट्यूबलेस टायरचे आणि साध्या रिमचे आहेत, आणि सुरुवात नेहमी दाराच्या खांबावरच्या तक्त्यातल्या दाबापासूनच करावी. कोरड्या, मोकळ्या वाळूत 16 ते 18. हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीने अधिक वाढतो, तेच वजन जास्त जागेवर विभागले जाते आणि गाडी रुतण्याऐवजी वरून चालते. खडकाळ घाटवाटेवर मात्र मी 22 च्या खाली जात नाही, कारण आपल्याकडचा काळा दगड धारदार फुटतो आणि हवा कमी झाली की टायरची पातळ बाजू फुगून बाहेर येते, नेमकी तिलाच चीर पडते. चिखलाचे उत्तर चिखल पाहून द्यावे लागते: खोल, मऊ चिखलात 20 उपयोगी पडते, पण वर बोटभर राड आणि खाली घट्ट मुरूम असेल तर हवा थोडी जास्तच बरी, म्हणजे टायर राड कापून तळाला पोचतो. गाडीत सामान आणि माणसे भरलेली असतील तर या सर्व आकड्यांत दोनची भर घालतो.

हे माप सकाळी, टायर थंड असताना घ्यावे. तापमानात दहा अंशांचा फरक पडला तर रस्त्याच्या दाबात साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. हवा कमी असताना मी ताशी 40 किलोमीटरच्या वर जात नाही आणि वळणे सावकाश घेतो. डांबर लागताच, कितीही उशीर झालेला असला तरी, थांबून हवा भरतो, कारण कमी हवेचा टायर वेगात सतत दुमडून आतून तापतो आणि फुटू शकतो.

कॉम्प्रेसर मी ठेवणार आहे. त्याच्या नळीवरचा मापक काढून त्या जागी दुसरा बसवून घेतला आहे. त्याला सातशे रुपये जास्तीचे पडले, आणि खरेदीची किंमत ठरवताना ते आधीच धरून चालावे.