पाणी सेट होतंय, ताई

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी दोन पोरांनी आमचा माशांचा चार फुटी टँक जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर चढवला. लिफ्टमध्ये मावत नव्हता. मधे एकदा टेकवून पाणी प्यायले आणि गप्पा मारत वर आले. मी कौतुकाने बघत होते. तेव्हाच गणित केलं असतं तर बरं झालं असतं. चार बाय दोन बाय दोन फुटांचा टँक, काच १२ एमएमची ठरलेली, म्हणजे नुसत्या काचेचं वजन ८५ किलोच्या घरात जातं. तोच ८ एमएमचा असेल तर ५८ किलो. ती पोरं जे उचलून आणत होती ते ५८ किलो होतं. हे मला कळलं दोन महिन्यांनी.

हॉलमध्ये मोठा प्लँटेड टँक, म्हणजे आत खरी झाडं वाढणारा, हवा हे माझं जुनं खूळ. तीन ठिकाणी विचारलं. एकाने ६० हजार सांगितले, दुसऱ्याने ५४. तिसऱ्याने ३२ हजारांत सगळं सांगितलं: काच, स्टँड, फिल्टर, लाइट, माती, झाडं, शिवाय मासे, आणि घरी येऊन लावून देणार. एक महिन्याची गॅरंटी. "बिल केलं तर जीएसटी वर पडेल ताई, कशाला उगाच?" मलाही ते पटलं. वीस हजार रोख दिले, बारा यूपीआयने. पैसे गेले ते कुणा बाईच्या नावावर. "वहिनीचा नंबर आहे," म्हणाला. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, आणि अशी दुकानं एकच असतात असंही नाही.

पहिल्या संध्याकाळी टँक इतका देखणा दिसत होता की शेजारचे लोक बोलावून दाखवला. जांभळ्या पानांचे झुबके, मागे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं लांब गवत, कोपऱ्यात बांबूसारख्या उभ्या काड्या, खाली पांढरे शुभ्र दगड, आणि त्यातून पळणारे वीस निऑन टेट्रा मासे. समोरच्या मोकळ्या मातीत त्याने 'कार्पेट'च्या, म्हणजे तळाशी गालिच्यासारख्या पसरणाऱ्या झाडाच्या बिया पेरल्या. सहाशे रुपयांचं पाकीट, ते मात्र वेगळं. बिया रुजाव्यात म्हणून पंधरा दिवस पाणी कमी ठेवायला हवं होतं असं नंतर कळलं, पण याने त्याच दिवशी गळ्यापर्यंत भरलं. बियांना कोंब फुटले हेच नवल.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. फोटो पाठवला. उत्तर: "पाणी सेट होतंय ताई." आणि हे खरं होतं! नव्या टँकमध्ये असं होतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि हे जिवाणू फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणूनच पहिल्या दिवशी वीस मासे टाकायचे नसतात. त्याने टाकले. पण 'सेट होतंय' हे वाक्य मुळात खोटं नसल्यामुळे ते कुठेही चालतं. दहाव्या दिवशी पानं पिवळी पडली: "मेल्ट होतात ताई, नवीन येतील." अठराव्या दिवशी सकाळी चार टेट्रा फिल्टरच्या तोंडाशी चिकटलेले: "सेट होतंय." पंचविसाव्या दिवशी आणखी दहा गेले. मग मी अमोनियाचं टेस्ट किट आणलं. नळीत थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहायला हवं होतं, माझं हिरवं झालं.

आणि तेहतिसाव्या दिवशी: "ताई, गॅरंटी तर महिन्याची होती."

झाडांचं बिंग सासूबाईंनी फोडलं. त्यांना टँकमध्ये काडीचा रस नव्हता. मी कुजलेलं एक झाड उपटून सिंकपाशी ठेवलं होतं. त्या भाजी धुवायला आल्या, ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे आपल्या गॅलरीतलं जांभळं नाही का?" गॅलरीत जाऊन कुंडीतलं पान तोडून आणलं. शेजारी ठेवलं. तेच. पट्ट्यांचं गवत म्हणजे स्पायडर प्लँट, शेजारणीच्या जिन्यात लोंबतो तो. आणि बांबू म्हणजे लकी बांबू. सगळी कुंडीतली झाडं. बुडवून ठेवली तर महिना-दोन महिने तग धरतात आणि मग मुळापासून सडतात. सडताना पाण्यात अमोनिया सोडतात, म्हणजे मासे मारायला मदत.

यातली चलाखी अशी, की 'मेल्ट' हाही खरा प्रकार आहे. क्रिप्टोकोरिनसारखी खरी पाणझाडं जागा बदलली की पानं टाकतात. पण मूळ घट्ट राहतं आणि मधून नवं पान येतं. माझ्या झाडांना नवं पान एकही आलं नाही, आणि खोड बोटात दाबलं की पचपचायचं. कार्पेटच्या बियांचंही तेच. ग्लॉसोस्टिग्मासारखं कार्पेट बियांच्या पाकिटातून येत नाही, ते टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) डबीत किंवा मुळांसकट मिळतं. माझं उगवलेलं गवत सहाव्या आठवड्यात एकाच रात्री चिकट गोळा होऊन वर तरंगलं.

दगडांना मी स्वतःच लिंबू पिळून बघितलं. बुडबुडे आले. संगमरवराचे तुकडे होते ते. पाण्यात कॅल्शियम सोडत राहतात, पाणी जड होत जातं. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ९० यायचा, टँकचा २५० झाला होता. निऑन टेट्राला मऊ पाणी लागतं.

काचेचं मात्र मला कधी कळलंच नसतं. एका रात्री हॉलमध्ये बसले होते, तर समोरच्या काचेत दिसणारी ट्यूबलाइटची रेघ वाकडी दिसली. मुलाची लांब स्टीलची पट्टी आणून काचेच्या वरच्या भागाला आडवी लावली. मधे टेकली, दोन्ही टोकांना फट. काच बाहेर फुगली होती. आत चारशे लिटरच्या आसपास पाणी, खाली दुसऱ्याचं घर. त्याच रात्री अर्धं पाणी बादल्यांनी काढलं. दुसऱ्या दिवशी ओळखीचा काचवाला जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन आला. वरच्या कडेला काळी पट्टी चिकटवलेली होती, ती मला सजावट वाटली होती. त्याने कटर घालून ती सोलली, व्हर्नियर लावला, माझ्याकडे बघितलं. आठ. मला वाटतं, बाकी सगळं मी माफ केलं असतं, हे नाही. खालच्या मजल्यावर सहा महिन्यांचं बाळ आहे. स्टँडही मरीन प्लायचा म्हणून आलेला, दाराच्या खालच्या कडा पावसाआधीच फुगल्या. फिल्टर तेवढा अस्सल निघाला, तो अजून वापरते.

पैशांचं सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवली. कागद म्हणून माझ्याकडे बारा हजारांची यूपीआय नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं कोटेशन होतं, ज्यात '१२ एमएम' स्पष्ट लिहिलेलं. नशीब ते डिलीट केलं नव्हतं. रोख दिलेल्या वीस हजारांचा काहीच पुरावा नाही. तक्रारीचं कळल्यावर त्याने सात हजार परत केले आणि वर "मासे फुकट घेऊन जा" म्हणाला. जिल्हा ग्राहक आयोगात जायला पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मला माहीत झालं. पण मी गेले नाही. दमले होते. तुमच्याकडे बिल असेल तर तुम्ही जा.

आता चार बाय दीड बाय दीडचा टँक आहे, १० एमएमचा. काचवाल्याकडे उभं राहून, पट्टी न लावता, उघड्या कडांवर माप घेऊन बनवून घेतला. झाडं वेगवेगळ्या लोकांकडून कटिंग म्हणून जमवली: व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, जावा मॉस, एक अनुबियास. क्रिप्टोकोरिनही आहे. याच्या दोन-तीन जाती आपल्याच कोकणातल्या ओढ्यांत वाढतात, हे कळल्यावर मला उगीचच अभिमान वाटला. दीड महिना मासे टाकले नाहीत. मुलगा रोज विचारायचा, पाणी सेट झालं का.

जुन्या टँकमधलं एकच झाड जगलं. तो लकी बांबू. बाटलीत पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय, चांगला दोन फूट झालाय. सासूबाई पाहुण्यांना तो 'आमचा बत्तीस हजारांचा बांबू' म्हणून दाखवतात.