पॅसाडेना की नाशिक: नोकरी सांभाळून स्वस्तात पदवी घेताना

आमच्या भोसरीच्या कंपनीत गेल्या वर्षभरात चार मुलांनी मला एकच प्रश्न विचारला. "दादा, तुम्ही दोन्हीकडे ॲडमिशन घेतली होती ना? मग आम्ही कुठं घेऊ?" दोन्हीकडे म्हणजे अमेरिकेतली युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल आणि आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. चहाच्या दहा मिनिटांत दरवेळी अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतो आहे.

बारावी कॉमर्सचा निकाल लागला त्याच महिन्यात मी स्टोअरला लागलो. घरची परिस्थिती तशीच होती. तिशी ओलांडल्यावर लक्षात आलं, की माझ्यानंतर आलेली मुलं पदवीच्या जोरावर ऑफिसर ग्रेडला गेली आणि मी जीआरएन (माल आल्याच्या पावत्या) फाडत तिथंच बसलोय. काम मला त्यांच्यापेक्षा जास्त येत होतं, पण बायोडेटात 'पदवी' या शब्दापुढची जागा रिकामी होती. पुण्यात कॉलेजं पावलापावलावर आहेत. मात्र सकाळी सातची पाळी करणाऱ्याला ती उघडी असून बंद असल्यासारखीच.

आधी अमेरिकेतलं. शाय रेशेफ या उद्योजकाने २००९ साली ते सुरू केलं आणि कार्यालय कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला आहे. शिकवण्याची फी घेत नाहीत, पुस्तकांचा खर्च नाही, सगळं साहित्य ऑनलाइन आणि खुलं. जगभरातले निर्वासित, घर सांभाळणाऱ्या बायका, माझ्यासारखे पाळीवाले कामगार एकाच वर्गात असतात. ही कल्पना मला आजही मनापासून आवडते. फक्त 'मोफत' हा शब्द जरा जपून वाचा. अर्जाचे पैसे वेगळे, आणि प्रत्येक विषयाला मूल्यमापन शुल्क लागतं. सुरुवातीच्या काळात ते विषयाला १०० डॉलर होतं, पुढे वाढत गेलं. पदवीला ४० विषय. जुना १०० चाच दर धरला तरी ४००० डॉलर होतात, म्हणजे आपले तीन लाखांच्या पुढे. शिष्यवृत्ती आहे, मिळाली तर प्रश्नच नाही. अमेरिकेच्या हिशोबाने ही रक्कम काहीच नाही. भोसरीच्या पगारात ती किती आहे, हे ज्याचं त्याने बघावं.

मी तिथे चार विषय केले. शिक्षण कसं होतं? चांगलं होतं, आणि हे मी संकोच न ठेवता सांगतो. नऊ आठवड्यांचं सत्र. आठवडा गुरुवारी सुरू होतो आणि बुधवारी रात्री ११:५५ ला त्यांच्या घड्याळाने संपतो. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची सकाळ, १०:२५ वाजलेले असतात. वाचन, चर्चेत एक उत्तर, इतरांच्या उत्तरांवर प्रतिक्रिया, एक लेखी गृहपाठ आणि इतर विद्यार्थ्यांचे गृहपाठ तपासणं, असं दर आठवड्याला. तिसरी पाळी सुटली की मी घरी येऊन आंघोळ करायचो, पोह्यांची बशी बाजूला ठेवून राहिलेलं लिहायचो आणि दहाच्या सुमारास सबमिट करायचो. तपासणारा कोण ते कळत नाही. एकदा कुणीतरी माझ्या गृहपाठाखाली लिहिलं होतं, की दुसऱ्या परिच्छेदात तू मत दिलं आहेस, त्याला आधार कुठाय? तेव्हा वाईट वाटलं. आता कंपनीत कमी-जास्त मालाचा रिपोर्ट लिहिताना तेच वाक्य कानात वाजतं आणि मी आधी कागद जोडतो. दर आठवड्याला ठरावीक वेळेला लिहायला बसणं मी तिथे शिकलो.

मग सोडलं का? एका फॉर्ममुळे.

आमच्या तेव्हाच्या कंपनीने (आताची नव्हे, आणि नाव लिहीत नाही) सूचना लावली, की जे कामगार पदवीचं शिक्षण घेत आहेत त्यांनी एचआरकडे नोंद करावी. पदवी हातात आली की ऑफिसर ग्रेडसाठी विचार होईल. मी त्याच दिवशी फॉर्म भरला. चार दिवसांनी परत आला. विद्यापीठाच्या नावापुढे पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह. बाकी काही नाही. मी मान्यतेची पानं प्रिंट काढून जोडली. २०१४ मध्ये त्यांना अमेरिकेतल्या दूरशिक्षण मान्यता संस्थेची मान्यता मिळालेली होती, ती दाखवली. फॉर्म पुन्हा आला, या वेळी लाल पेनने 'समकक्षता?' असं लिहून, म्हणजे ही पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची मानतात का. मी जाऊन उभा राहिलो. मॅडम सभ्य होत्या, चहाही विचारला. म्हणाल्या, "दादा, तुमचं विद्यापीठ खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्या यादीत यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्य लागतं. परदेशी असेल तर समकक्षतेचं पत्र आणा, मी लगेच नोंद करते."

ते पत्र आणायला मी सव्वा महिना घालवला. मेल लिहिले, सुट्टी टाकली, ओळखीच्या प्राध्यापकांना भेटलो. मग कळलं ते असं: परदेशी पदवीला इथे समकक्षता मिळायची, तर तो अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून केलेला लागतो; ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने केलेला चालत नाही. यूजीसीच्या २०२५ च्या नियमावलीतही ही अट आहे. म्हणजे मी ४० च्या ४० विषय पहिल्या वर्गात काढले असते, तरी त्या लाल अक्षराला द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं. २०२५ मध्ये त्या विद्यापीठाला वेस्टर्न विभागाची, म्हणजे स्टॅनफर्ड आणि बर्कलीला मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली. मला खूप आनंद झाला, कारण तिथली मुलं खरोखर राबतात. आपल्याकडची अडचण मात्र त्याने हलत नाही, कारण इथे हरकत दर्जाला नाही, पद्धतीला आहे.

हे अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना वर्गात बसणं परवडत नाही त्यांच्यासाठीच निघालेलं विद्यापीठ, आणि अट वर्गात बसल्याची! पण घरात दोन मुलं असलेल्या माणसाने कायदा बदलायची वाट पाहत सहा वर्षं काढावीत, असं मी कुणाला सांगू शकत नाही.

मी नाशिकला नाव घातलं. नाशिक म्हणायचं एवढंच, जावं कधी लागलं नाही. अभ्यासकेंद्र पुण्यातच मिळालं. हे विद्यापीठ १९८९ चं. पहिले कुलगुरू राम ताकवले, जे त्याआधी आपल्या पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर इग्नूचेही (केंद्राच्या मुक्त विद्यापीठाचे) झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद तुम्ही कुठल्यातरी पुस्तकाच्या पाठीवर पाहिलं असेल. त्यांच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमामुळे एके काळी बारावी न झालेल्यांनाही पदवीचं दार उघडत असे. माझी मोठी बहीण त्याच वाटेने बी.ए. झाली. नववीत शाळा सुटलेली, धुणीभांडी करून.

पैशांचं मोजमाप माझ्याकडे एकच आहे: माझी बी.कॉम.ची तिन्ही वर्षांची फी, परीक्षा शुल्क धरून, तिकडच्या तीन विषयांच्या शुल्कात बसली. आता दर बदलले असतील. प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तिका बघा.

पुस्तकं मराठीत. हा मुद्दा लोक हलका समजतात. मी तिकडे अकाउंटिंगचा एक विषय इंग्रजीत केला होता आणि पास झालो होतो, पण 'घसारा' (वापराने यंत्राची दरवर्षी घटत जाणारी किंमत) म्हणजे नेमकं काय होतं हे मला मराठी पुस्तकाच्या तिसऱ्या घटकात समजलं. पहाटे तीनची चहाची सुट्टी, स्टोअरच्या रॅकमागे खुर्ची ओढून पुस्तक उघडलेलं. समोर त्याच वर्षी आणलेलं कॉम्प्रेसर. पुस्तकातलं उदाहरण यंत्राचंच होतं. घटकाच्या आत छोटे स्वयं-अध्ययन प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. शिकवायला कुणी नाही हे धरूनच ती पुस्तकं लिहिलेली असतात. याच पुण्यात १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं तेव्हा शिक्षण मातृभाषेतून ठेवलं होतं. ज्याच्या घरी शिक्षणाची परंपरा नाही त्याला आधी आपल्या भाषेतला उंबरा लागतो, हे तेव्हापासून लोकांना माहीत आहे.

संपर्कसत्रं रविवारी. वर्गात आम्ही बारा-तेरा जण: एक रिक्षावाले काका, एक होमगार्ड, डबे करणाऱ्या एक ताई, बाकी माझ्यासारखे. समंत्रक, म्हणजे तिथले शिकवणारे, स्वतः नोकरी करून शिकलेले होते, त्यामुळे 'का आला नाहीत' असं कधी विचारलं नाही. 'कुठवर वाचलंत' एवढंच विचारायचे.

कमी काय? तुम्हाला कुणी हलवत नाही. पॅसाडेनाला गुरुवार उजाडला की काम दारात उभं. इकडे पुस्तकांचा गठ्ठा दिवाळीपासून कपाटावर तसाच राहू शकतो आणि परीक्षा तोंडावर आल्यावर घाम फुटतो. पहिल्या वर्षी माझं तेच झालं, एक विषय राहिला. दुसऱ्या वर्षापासून मी बुधवारची रात्र बांधून घेतली: एक घटक वाचायचा आणि दोन पानं स्वतःच्या शब्दांत लिहायची, तपासायला कुणी नसलं तरी. तिकडची सवय इकडे उपयोगी पडली. शिवाय इकडे चर्चा नाही, नायजेरियातला किंवा सीरियातला वर्गमित्र नाही. त्याची उणीव मला जाणवते.

कागदाच्या बाजूने मात्र पुन्हा कुणी अडवलं नाही. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्टच केलं, की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या मानायच्या. एमपीएससीच्या जाहिरातीत 'सांविधिक (कायद्याने स्थापन झालेल्या) विद्यापीठाची पदवी' लिहिलेलं असतं, त्यात हे बसतं. २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी यूजीसीच्या पोर्टलवर डीईबी (त्यांचा दूरशिक्षण विभाग) आयडी काढावा लागतो. आधी एबीसी आयडी (श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) तयार ठेवा आणि आधारवरचं नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी जुळतंय का बघा. आमच्या एकाचं वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, तो पंधरा दिवस अडकला.

मान्यतेवरच सगळं अडतं, म्हणून एक इशारा. ऑनलाइन पदवीची चौकशी एकदा केली की फोन सुरू होतात. मला एका खासगी ठिकाणाहून दिवसात सहा फोन आले, दरवेळी 'आज रात्री बारापर्यंतच सवलत'. मान्यता विचारली की साहेब आवाज वाढवायचे. डीईबीच्या यादीत नाव स्वतः शोधा, फोनवरच्या शब्दावर पैसे भरू नका. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा हे दूरस्थ पद्धतीने चालतच नाहीत. कुणी देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

इग्नूबद्दलही विचारतात. इंग्रजी किंवा हिंदी ज्यांना सहज जातं आणि ज्यांची बदली राज्याबाहेर होऊ शकते, त्यांना ती जास्त सोयीची पडेल. गणित पक्कं असेल तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी बघा. ती स्वस्त म्हणता येणार नाही, पण उत्पन्नानुसार फीत सवलत आहे.

आणि पॅसाडेना कुणी घ्यावं? जो पुढे परदेशात जाणार आहे, किंवा कॉम्प्युटर शिकून घरून परदेशी कामं घेतो आणि ज्याला आयुष्यात एचआरचा फॉर्म भरायचा नाही, त्याने जरूर घ्यावं. आमच्या खात्यातला एक मुलगा वेबसाइट करतो, त्याला मी तेच सुचवलं आणि तो खूश आहे. यूजीसीने २०२२ पासून एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, पण ती आपल्याकडच्या मान्य पदव्यांपुरती. त्या आधारावर दोन्ही डगरींवर पाय ठेवू नका.

बाकी तिघांनी नाशिक घेतलं. त्यातला एक परवा माझी जुनी पुस्तकं मागत होता. दिली नाहीत, कारण आता अभ्यासक्रम बदललाय आणि जुन्या पुस्तकावर परीक्षा दिली तर घात होईल. वही मात्र दिली, बुधवारची. पहिल्या पानावर घसाऱ्याचं गणित आहे, आमच्या कॉम्प्रेसरचं.