अलेक्झांड्राइट म्हणून कृत्रिम कोरंडम गळ्यात मारलं, १,६६५ डॉलर गेले

अलेक्झांड्राइट या रंग बदलणाऱ्या दुर्मिळ रत्नाच्या नावाने घेतलेल्या खड्याचे १,४८०, कुरिअर आणि विम्याचे ६५, शिवाय ‘प्रयोगशाळेच्या दाखल्याचे’ १२०. हे १२० मला सगळ्यात जास्त झोंबतात. खोटा कागद बनवायचा खर्चसुद्धा विकणाऱ्या माणसाने माझ्याकडूनच वसूल केला.

जुना संग्रह, वारसांना घाई, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, हे सगळं आपण दुर्मिळ खडे जमवणारे कोळून प्यायलेलो असतो. मीही होते. पण हा माणूस अभ्यास करून आला होता. त्याने मला टाफाइटची हकीकत सांगितली. १९४५ साली डब्लिनमध्ये रिचर्ड टाफ यांना जुन्या, पैलू पाडलेल्या खड्यांत स्पिनेल या रत्नाच्या नावाने एक खडा मिळाला आणि तो निघाला तोवर कोणालाच ठाऊक नसलेलं खनिज. हकीकत खरी आहे, मला आधीपासून माहीत होती. इतकं नेमकं बोलणारा माणूस खडा मात्र खोटा देईल, हे कोणाच्या मनात येणार? खडा रशियातल्या उरल डोंगरांतला, २.१० कॅरट, आत दोष आहेत म्हणून स्वस्त, असं म्हणाला. दोष असलेले खडे स्वस्तात जातातच, म्हणून किंमतही खटकली नाही.

खटकायला हवा होता तो रंग. अलेक्झांड्राइट दिवसाच्या उजेडात हिरवा किंवा निळसर हिरवा दिसतो आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली लाल किंवा जांभळट लाल. ती क्रोमियमची करामत. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत खडा खिडकीशी करडा निळा होता आणि बल्बखाली जांभळा. हिरव्याचा मागमूसही नाही! विचारलं तर म्हणे, मोबाइलचा कॅमेरा हिरवा रंग पकडत नाही. व्हॅनेडियम हा धातू घातलेलं कृत्रिम कोरंडम (माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे असतात ते) नेमकं असंच रंग बदलतं आणि कित्येक वर्षं अलेक्झांड्राइटच्या नावाने खपवलं जातं.

त्याहून संताप दाखल्याचा येतो. वर ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक अलेक्झांड्राइट’ आणि खाली दोनच ओळींवर अपवर्तनांक, म्हणजे खड्यात प्रकाश किती वळतो त्याचा आकडा, १.७६२ ते १.७७०. हा कोरंडमचा आकडा आहे! अलेक्झांड्राइट क्रिसोबेरिल या खनिजाच्या जातीचा, त्याचा साधारण १.७४६ ते १.७५५. एका पानावर नाव एकाचं, आकडा दुसऱ्याचा. मी दाखल्याचा क्रमांक तपासला, क्यूआर कोड स्कॅन केला, आणि पान उघडलंही. पण ती साइटच बनावट होती, नावातलं एक अक्षर वेगळं. एवढं तपासल्यावर आणखी काय करायचं माणसाने?

क्यूआर कोडवरून कधीही जाऊ नका. प्रयोगशाळेचा पत्ता स्वतः टाइप करा, मग क्रमांक घाला.

खऱ्या प्रयोगशाळेने ९० डॉलर घेऊन खडा तपासला. भिंगाखाली वक्र रेषा दिसल्या. ज्वाळेत वितळवून वाढवलेल्या कोरंडममध्ये त्या असतात, जमिनीतल्या खड्यात कधीच नाही. तो अहवाल घेऊन मी दारोदार फिरले. पैसे ज्या कंपनीमार्फत पाठवले ती म्हणे, तुम्ही ‘ओळखीच्या व्यक्तीला’ हा पर्याय निवडलात, संरक्षण लागू नाही. कमिशन वाचेल म्हणून विक्रेत्यानेच तो निवडायला लावला होता. हे लेखी दाखवलं, तरी तेच छापील उत्तर. विक्रीच्या साइटने आधी अहवाल मागितला आणि अहवाल दिल्यावर म्हणाली, तक्रारीची मुदत संपली. अहवाल यायला वेळ लागतो तो काय माझ्यामुळे? पोलिसांत तर कमालच. ‘खडा मिळाला ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद.’ कृत्रिम आणि नैसर्गिक यांतला फरक समजावून सांगितला, तर अधिकारी म्हणाले, ‘म्हणजे काच नाही ना?’ आणि अर्ज बाजूला ठेवला. प्रत्येकाने पुढच्याकडे बोट दाखवायचं आणि तोवर त्या माणसाने खातं बंद करून मोकळं व्हायचं!

आणि रंग अगदी बरोबर बदलला तरी हुरळू नका. खरोखरचं अलेक्झांड्राइटही कारखान्यात बनतं, ते डोळ्यांना ओळखता येत नाही. पैसे देण्याआधी तुम्ही निवडलेल्या प्रयोगशाळेत खडा पाठवायला विक्रेता नाही म्हणाला, की तिथेच थांबा.

तोच माणूस आता दुसऱ्या नावाने ‘युटाचा लाल बेरिल, ४ कॅरट, निर्दोष’ विकतोय. फोटोमागचं निळं मखमल तेच, दाखल्याची मांडणी तीच. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वाह वाह नावाच्या डोंगरातल्या लाल बेरिलचा पैलू पाडलेला खडा एक कॅरटचाही मुश्किलीने मिळतो. घेऊ नका.