टीसी१ टेस्टर: ट्रान्झिस्टरला उत्तम, डायकपाशी अडतो

ट्रान्झिस्टर, मॉस्फेट, कपॅसिटर तपासायला टीसी१ हा रंगीत पडद्याचा छोटा टेस्टर जरूर घ्यावा. पाय कसेही खोचा, बेस-कलेक्टर तो स्वतः ओळखतो. पण वडोदऱ्यात नवरात्र जवळ आली की गरब्याच्या मांडवातले डिमर दुरुस्तीला येऊ लागतात, पंख्याचे रेग्युलेटर तर बाराही महिने. तिथे प्रश्न असतो डायक (ठरावीक व्होल्टेजला दोन्ही दिशांनी एकदम वाहू लागणारा, म्हणजे ‘पेटणारा’ भाग) आणि एससीआर (गेट या पायाला छोटा करंट दिला की चालू होणारा स्विच) यांचा, आणि या टेस्टरच्या भरवशावर राहिलं तर चांगले भागही कचऱ्यात जातात.

एससीआरच्या गेटला हा टेस्टर जेमतेम ६ मिलिअँपिअर देतो. बीटी१६९ या छोट्या एससीआरला ०.२ पुरतात, म्हणून तो बिनचूक ओळखला जातो. टीवायएन६१२ या मोठ्या एससीआरला १५ पर्यंत लागू शकतात. त्यातला एखादा नग ओळखला जाईल, दुसरा नाही, आणि दोन्ही चांगले असतील. त्यापेक्षा १२ व्होल्ट डीसी, लोडला १०० ओहम ५ वॅट, गेटला ४७० ओहम असं जोडा. गेटची वायर क्षणभर लावून काढली तरी एससीआर चालू राहिला पाहिजे. टीवायएन६१२ ला लोड १ किलोओहमचा घेतला तर करंट लॅचिंगइतका (गेट सुटल्यावरही चालू राहायला लागतो तितका) होत नाही, गेट सुटताच तो बंद पडतो आणि उगाच खराब ठरतो.

डीबी३ डायक २८ ते ३६ व्होल्टच्या दरम्यान पेटतो. टीसी१ मधली झेनर डायोड तपासायची जागा ३० व्होल्टलाच थांबते, त्यामुळे नवाकोरा डायकसुद्धा बहुतेक वेळा पडद्यावर दिसत नाही. शॉर्ट झालेला तेवढा कळतो.

खरं मोजमाप हवं असेल तर २४ व्होल्टचे दोन आयसोलेटेड सप्लाय सिरीजमध्ये जोडून ४८ व्होल्ट करा. १०० किलोओहममधून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चार्ज होऊ द्या. कपॅसिटरला समांतर डायक, आणि डायकच्या सिरीजमध्ये २२ ओहम. कपॅसिटरवर स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला की करवतीसारखी लाट दिसते. तिचं टोक म्हणजे ब्रेकओव्हर व्होल्टेज, डायक पेटतो ते. मल्टिमीटर इथे कामाचा नाही, तो लाटेची सरासरी दाखवतो आणि आकडा फसवा कमी येतो. मग डायक उलटा लावून पुन्हा मोजा. दोन्हींत ३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तो डिमरमध्ये घालू नका: दोन अर्धलहरी वेगवेगळ्या कोनांत पेटतात, डीसी शिरतो, पंखा घुमतो.

घाई म्हणून १०० किलोओहमच्या जागी १ किलोओहम लावण्याचा मोह टाळा. डायक एकदा पेटला की विझत नाही, लाट गायब होते, आणि १५० मिलिवॅट झेपणाऱ्या डायकवर अर्ध्या वॅटच्या आसपास भार पडून तो जळतो. हीच तपासणी थेट २३० व्होल्टच्या डिमरवर करू नका. स्कोपची ग्राउंड क्लिप अर्थला असते, फेजला लागली की भडका.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पॅनेल दुरुस्त करणाऱ्यांनी टीसी१ घ्यावा तो भागांची पहिली निवड करण्यापुरता. डायक-एससीआरसारख्या ट्रिगरच्या भागांसाठी वरच्या जोडण्या टेबलावर कायम असू द्या. आणि टेस्टरमध्ये कपॅसिटर खोचण्याआधी तो डिस्चार्ज कराच, नाहीतर आतला मायक्रोकंट्रोलर जातो आणि बोर्ड बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.