कोहलबर्ग की बांडुरा? मूल्यशिक्षणाच्या तासासाठी कुणाला धरायचं

चौथीच्या वर्गात एकाची कंपासपेटी गायब होते आणि मधल्या सुट्टीनंतर दुसऱ्याच्याच दप्तरात सापडते. आता बाईंनी काय करायचं? घेणाऱ्याला जवळ बसवून ‘न विचारता घेणं चूक का?’ यावर बोलायचं, की वर्गात वस्तू परत करण्याची रीतच पाडायची, स्वतः ती पाळायची आणि परत करणाऱ्याचं चारचौघांत कौतुक करायचं? पहिली वाट मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्गची, दुसरी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराची. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) अभ्यासात हे दोघं शेजारी शेजारी येतात आणि चारपैकी बरोबर पर्याय निवडला की काम भागतं. वर्गात मात्र आधी कुणाचं ऐकायचं ते ठरवावं लागतं.

माझं मत आधीच सांगते. प्राथमिकच्या मुलांसाठी बांडुरा आणि पाचवी-सहावीपासून त्याला कोहलबर्गची जोड. उलटा क्रम लावला की तासाचं प्रवचन होतं.

कोहलबर्गच्या मागे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे उभा आहे. 1932च्या पुस्तकात त्याने मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एका मुलाने दार ढकललं आणि दारामागचे पंधरा कप फुटले. तिथे कप आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याने आईच्या नकळत कपाटातला जॅम काढायला हात घातला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण वागलं? लहान मुलं म्हणाली पंधरा कप फोडणारा, मोठी मुलं हेतू बघू लागली. कोहलबर्गने हाच धागा किशोरवयापर्यंत नेला. 1958च्या प्रबंधासाठी त्याने शिकागो परिसरातल्या 10, 13 आणि 16 वर्षांच्या 72 मुलग्यांना पेच घातले. त्यातला हाइन्झचा पेच सगळ्यांच्या ओळखीचा: बायको मरणाच्या दारात, औषधवाल्याला 200 डॉलरला पडलेलं औषध तो 2000ला विकतोय आणि नवऱ्याकडे जेमतेम निम्मे पैसे जमलेत. त्याने चोरी करावी का?

‘हो’ की ‘नाही’ याला कोहलबर्गच्या लेखी महत्त्व नाही, कारणाला आहे. ‘पकडला गेला तर तुरुंगात जाईल’ ही खालची पायरी, ‘लोक काय म्हणतील’ ही मधली, ‘जीव मालमत्तेपेक्षा मोठा’ ही वरची. अशा तीन पातळ्या, सहा पायऱ्या. सहावी इतक्या कमी लोकांत दिसली की पुढे मोजणीच्या पद्धतीतून ती काढून टाकावी लागली. परीक्षेच्या गाइडांत मात्र ती अजून ऐटीत उभी आहे.

बांडुराला कारणमीमांसेत फारसा रस नव्हता. मूल करतं काय, हे त्याला पाहायचं होतं. 1961मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली 72 मुलं त्याने घेतली, निम्मे मुलगे, निम्म्या मुली. काहींनी पाहिलं की एक मोठं माणूस बोबो नावाच्या हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारतंय, हातोडीने बडवतंय. नंतर मुलांना तसाच बाहुला असलेल्या दुसऱ्या खोलीत सोडल्यावर बऱ्याच जणांनी त्याच लकबी, तेच शब्द उचलले. बाहुला मुळात मार खाऊन पुन्हा उभा राहण्यासाठीच बनवलेला. त्याला मारणं म्हणजे आक्रमकता की नुसता खेळ, हा आक्षेप तेव्हापासून आहे आणि तो वाजवी आहे.

पालकांनी खरं तर 1965चा प्रयोग लक्षात ठेवावा. फिल्ममधल्या मारकुट्याला काही मुलांनी बक्षीस मिळताना पाहिलं, काहींनी शिक्षा होताना, काहींनी यातलं काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्यांनी नक्कल कमी केली. मग ‘त्याने काय केलं ते करून दाखव, स्टिकर आणि रस देते’ असं म्हटल्यावर तिन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे शिकली होती सगळीच, शिक्षेने फक्त करून दाखवणं थांबलं होतं. ‘माझ्यासमोर तर कधीच शिवी देत नाही हो’ असं म्हणणाऱ्यांनी हे वाचून थोडं अस्वस्थ व्हायला हरकत नाही.

दोन्ही पक्षांची समोरासमोर गाठही पडली. 1963मध्ये बांडुरा आणि मॅकडॉनल्ड यांनी पियाजेसारख्याच गोष्टी पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना दिल्या. मुलासमोर एक मोठं माणूस नेमका त्याच्या उलट निवाडा देत होतं. मुलांचे निवाडे बदलले. नुकसान पाहणारी हेतू पाहू लागली आणि हेतू पाहणारी नुकसानाकडे वळली. वयाबरोबर चढायच्या पायऱ्या एका बैठकीत वर-खाली होत असतील तर त्या पायऱ्या कसल्या? यावर पियाजेपंथीयांचा सवाल असा की विचार बदलला की मोठ्यांचं उत्तर गिरवलं? दोघांचंही पटतं.

माझं पारडं बांडुराकडे झुकतं ते 1970च्या ब्रायन आणि वॉलबेक यांच्या प्रयोगामुळे. खेळात जिंकलेलं दुसऱ्या गरजू मुलांना द्यावं, असं एक जण मुलांना सांगत होता. करताना कधी देत होता, कधी स्वतःकडेच ठेवत होता. मुलांनी वागताना त्याची कृती उचलली आणि दुसऱ्याला सांगताना त्याचे शब्द. आपला परिपाठातला सुविचार नेमका इथे अडकतो. मुलं तो घडाघडा म्हणतात, कारण म्हणणंच तेवढं शिकवलेलं असतं.

तरी बांडुरात एक मोठी उणीव आहे: चांगलं कोणतं हे तो सांगत नाही. ज्या मार्गाने मूल देणगी द्यायला शिकतं, त्याच मार्गाने कॉपी करायलाही. चुकीच्या वागण्याला माणसं कशा सबबी शोधतात, यावर त्याने पुढे बरंच लिहिलं. ‘सगळेच करतात’, ‘त्यानेच आधी खोडी काढली’ हे वर्गात रोज ऐकू येतं. पण ‘सगळेच करतात’ला उलटा प्रश्न विचारायचा तर कोहलबर्गच कामाला येतो. त्यासाठी दोन बाजू एकदम डोक्यात धरता याव्या लागतात, म्हणून मी पाचवी-सहावीपर्यंत थांबायला सांगते.

मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगनने 1982मध्ये विचारलं, की फक्त मुलग्यांवरून काढलेली शिडी मुलींना का लावायची? नात्यांची काळजी हाही नैतिक विचारच आहे, हे तिचं म्हणणं टिकलं. मुली या शिडीवर खाली राहतात, हे मात्र पुढच्या तपासण्यांत फारसं दिसलं नाही.

आपल्यासाठी जास्त मोलाचा वाद भुवनेश्वरचा. 1987मध्ये श्वेडर, महापात्र आणि मिलर या संशोधकांनी तिथल्या आणि शिकागोच्या लोकांना कोणती कृत्यं किती वाईट ते विचारलं. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले, कोंबडी खाल्ली, हे भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांना अत्यंत गंभीर वाटलं. शिकागोत कुणाला त्याचं काही नाही. सुतक पाळणाऱ्या घरातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. मानसशास्त्रज्ञ इलियट टुरिएलच्या मते मुलं नीती आणि रूढी लहानपणापासून वेगळी ओळखतात, आणि इथे वडिलांच्या आत्म्याला इजा होते असं मानल्यामुळेच रूढी नीती बनते. कोहलबर्गच्या मोजपट्टीवर मात्र ‘आमच्यात चालत नाही’ म्हणणारं मूल मधल्या पायरीवरच अडकलेलं दिसतं. आपल्याकडे ती पट्टी लावताना हे ध्यानात असू द्यावं.

बी.एड.च्या कृतिसंशोधनासाठी (आपल्याच वर्गात करायच्या छोट्या अभ्यासासाठी) यांतलं एक निवडत असाल तर हिशेब सोपा आहे. कोहलबर्गची मुलाखत एकेका मुलाला गाठून घ्यायची, उतरवून काढायची, पायरी ठरवायची. पायरी बदलायला बहुधा वर्षं जातात आणि तुमच्या हातात असतात काही आठवडे. त्याऐवजी वर्गात ‘सापडलेल्या वस्तूंचा डबा’ ठेवा. पहिले दोन आठवडे काहीही न सांगता किती वस्तू जमा होतात ते टिपा. मग बाईंनी स्वतः, मुलांच्या देखत, सापडलेला खडू-रुमाल त्यात टाकायला सुरुवात करावी आणि मोजणी चालू ठेवावी. डबा भरू लागला की एखाद्या शनिवारी सहावीच्या मुलांना विचारा: सापडलेली दहाची नोट डब्यात टाकायची, की जेवणाचा डबा न आणलेल्या भुकेल्या मित्राला द्यायची? उत्तरं वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या, दुरुस्त करू नका.